तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

त्र्यंबक रोडवरची ती ऑफिसची इमारत मला फार आवडायची. सत्तरच्या दशकातली, चार मजली. ऊन अडवायला पुढून काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामागे एकसारख्या खिडक्यांच्या रांगा. मी शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टी मिळाली की अशा इमारतींचे फोटो काढत फिरते. एका दुपारी समोरच्या गच्चीवरून तिचा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. कुणीतरी तेवढाच भाग कापून मोठा केला आणि खाली लिहिलं, ‘पगार झोपायचा!’ संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. मी माझा फोटो काढून टाकला, पण तो तुकडा कुठून कुठून काढणार?

पुढच्या आठवड्यात मी त्या कार्यालयात गेले. बाईंना आता आत, कपाटांच्या आड टेबल दिलं होतं. पन्नाशीच्या असतील. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग मला जिन्यात घेऊन आल्या.

“जेवणाची सुट्टी होती हो ती,” त्या म्हणाल्या. “मिस्टर दवाखान्यात आहेत. रात्रभर त्यांच्यापाशी बसायचं आणि सकाळी इथं यायचं. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. मुलीच्या सासरीसुद्धा पोचला तो फोटो.”

“मी भेटते साहेबांना. सांगते की...”

“नको, नको. आत्ता कुठं थंड झालंय.” मग त्यांनी सरळच विचारलं, “मॅडम, फोटो काढताना मी दिसले नव्हते का तुम्हाला?”

“दिसला होतात,” मी म्हणाले.

दिसल्या होत्या, आणि मला बरंच वाटलं होतं. एवढ्या सरळ रेषांमध्ये तेवढंच एक वाकलेलं. फोटोत जीव येईल, असं मनात आलं होतं. ही बाई दमली असेल, असं नव्हतं आलं. हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी पदर सारखा केला आणि वर निघून गेल्या.

महिन्याभराने त्या मला बसस्टँडवर दिसल्या. मिस्टरांचा हात धरून सावकाश चालवत नेत होत्या. जाऊन विचारपूस करावी, असं वाटलं, पण मी खांबाआड झाले आणि त्यांची घोटीची बस सुटेपर्यंत तिथून हलले नाही.