सुखदा आणि साहेबांची देखणी यादी

रावेतहून रोज कंपनीच्या बसने चाकणला जाणारी सुखदा ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डेटाबेस सांभाळायची. म्हणजे नेमकं काय करते, हे इतक्या वर्षांत तिच्या सासूबाईंना कळलं नव्हतं आणि कारखान्याचे प्रमुख अण्णासाहेब यांनाही. फरक इतकाच, की सासूबाई त्यात सुधारणा सुचवत नसत.

अण्णासाहेबांना टापटिपीचं वेड. तपासणीत नापास झालेल्या लॉटचे नंबर सुखदा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहायची आणि गेटवरची सिस्टीम ते लॉट अडवायची. "एका ओळीत एकच नंबर पाहिजे. ऑडिटवाल्यांना बघायला बरं वाटतं," असा साहेबांचा हुकूम. माल नापास असला म्हणून काय झालं, यादी देखणी हवी!

एकदा घाईत सुखदाकडून एका नंबरापुढचा स्वल्पविराम राहिला. दोन्ही नंबर एकाच ओळीत असते, तर डेटाबेसने तिथल्या तिथे बोंब मारली असती. पण ओळ बदलली की हा शहाणा दोन्ही नंबर बिनबोभाट एकमेकांना जोडून टाकतो. तसा नियमच आहे म्हणे, कुणा विद्वानांनी विचारपूर्वक केलेला. दोन लॉटचा मिळून एक लांबलचक नंबर झाला. त्या नंबराचा लॉट जगात नव्हता, त्यामुळे अडवायचं कुणाला? दोन्ही खराब लॉट ऐटीत गेटबाहेर पडले.

ग्राहकाकडच्या तपासणीत ते पकडले गेले, हे नशीब. इथे मात्र गुन्हेगार ठरून गेला होता: गेटवरचा भैरू. परभणीहून आलेला, कंत्राटी, म्हणजे अगदी सोयीचा.

"सायेब, मशीननं हिरवा दिवा दिला, म्या गाडी सोडली," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

सुखदाला खरं कारण सापडलं. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, फक्त भैरूची नोकरी गेली असती. हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली. ती उठली आणि तडक साहेबांच्या मीटिंगमध्ये शिरली.

"सर, स्वल्पविराम माझा राहिला. पण सगळे नंबर एकाच ओळीत असते तर चूक लगेच दिसली असती. आपल्या नियमामुळे ती झाकली गेली."

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. पहिल्या वाक्यानंतरचं त्यांनी काही ऐकलंच नाही. मेमोवर घालायला एक नाव हवं होतं, ते आपल्या पायांनी चालत आलं होतं.

तासाभरात मेमो निघाला. भैरूच्या जागी सुखदाचं नाव होतं आणि खाली ताकीद: यापुढे यादी अधिक टापटीप ठेवावी. सुखदाने सही केली. खिडकीतून तिला गेटवर गाड्या सोडणारा भैरू दिसत होता, आणि त्या दिवशी तिला तेवढं पुरलं.