तातेराव सरांचं पिवळं कार्ड

तातेराव सर मानसशास्त्राचे प्राध्यापक. वसमतच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं त्यांनी पोरांना ताणतणाव शिकवला, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एका शिपायानं त्यांचीच झोप उडवली.

झालं असं, की कॉलेज बंद पडलं तशी प्राचार्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना वीस-वीस पोरांची यादी वाटली. आठवड्याला फोन करायचा, मन कसं आहे ते विचारायचं. सरांनी पंधरा प्रश्नांचा तक्ताच बनवला. झोप लागते का? निराश वाटतं का? पोरं म्हणायची, "बरं हाय सर." अर्ध्या तासात सरांची वीसच्या वीस पोरं बरी होऊन जायची.

देविदास ग्रंथालयातला शिपाई, तांड्यावरचा, बारावी पास. तो विचारायचा, "जेवलास का? हळद शिजवून झाली का? माय काय करून राहिली?" आणि पोरं त्याच्याशी तासतास बोलायची. ऑनलाइन मीटिंगमध्ये प्राचार्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. शिरड शहापूरच्या कोमलचे वडील कोरोनानं गेले, हे तिनं फक्त देविदासला सांगितलं होतं. कोमल खरं तर सरांच्या यादीतली, पण देविदास यादीबाहेरच्या पोरांनाही फोन करायचा. त्याच आठवड्यात सरांनी तिच्या नावापुढे "ताण नाही" अशी खूण केली होती.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर तिचा बाप गेल्याचं दुःख त्यांना नंतर झालं. देविदासला सांगितल्याचं आधी.

त्यात हा देविदास रोज संध्याकाळी सहाला त्यांनाही फोन करायचा. "सर, मधल्या कपाटाची चावी कोणती हो?" बावीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस! मिरवायला फोन करतो, दुसरं काय. सर दोन शब्दांत त्याला वाटेला लावायचे. बायको पुण्याला लेकाकडे अडकलेली, घरात भिंतींशी बोलायची वेळ आलेली. पण मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं हे सांगायचं कुणाला?

देविदास फोनचे आकडे फुगवतो, याची सरांना खात्री होती. पकडायचंच म्हणून ते एका सकाळी ग्रंथालयात गेले. देविदास टपाल द्यायला बाहेर गेलेला. टेबलावर पुस्तकांच्या देवाणघेवाणीची कार्डं होती. पुस्तकाच्या रकान्यात पोरांची खुशाली, परतीच्या रकान्यात पुढच्या फोनची तारीख. सगळ्यात वर कोमलचं कार्ड. "वडील गेले. रडली न्हाई. उद्या परत." त्याखाली, "आज रडली. दोन भाकरी खाल्ल्या." सरांनी ते दोनदा वाचलं, तरी जळफळाट काही थांबेना. हे आपल्याला का सुचलं नाही?

शिक्षकांची कार्डं पिवळी. त्यांत एकच भरलेलं होतं, आणि त्यावर त्यांचंच नाव होतं. "सर घरी एकटेच. खरं सांगत न्हाईत. निमित्त: कपाट." "निमित्त: चावी." परतीच्या रकान्यात रोजची तारीख, एकही दिवस सुटलेला नव्हता.

सर कार्ड जागेवर ठेवून घरी आले. पाचपासूनच फोन हातात घेऊन बसले. सहा वाजले, सव्वासहा झाले. आज कोणत्या पोराशी इतका बोलत बसलाय हा? आता त्यांना पोरांचाच हेवा वाटायला लागला.

साडेसहाला फोन वाजला.

"सर, मागच्या खोलीतल्या दिव्याचं बटण कोणतं हो?"

सर म्हणाले, "देविदास, मला बरं न्हाई वाटत."

"बोला सर," देविदास म्हणाला. "तुमचा नंबर म्या रोज शेवटाला ठेवतो. तुमच्या मागं कोणी न्हाई."