पोळ्या वाढता वाढता वाचलेली कार्डं

सासरी किस्से जमवावे लागत नाहीत. आपण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत आपल्यावरचा एक तयार असतो! माझ्यावरचे तर आता अर्ध्या सावदा गावाला पाठ आहेत, आणि त्यातले बहुतेक एका खोक्यामुळे झाले.

मैत्रिणीने आहेरात गप्पांच्या कार्डांचं खोकं दिलं होतं. प्रत्येक कार्डावर एक प्रश्न. जेवताना एकेकाने काढायचं आणि उत्तर द्यायचं, म्हणजे म्हणे माणसं जवळ येतात. मी धुळ्याची, मुळातच अबोल. सासरी मला दिवसभरात प्रश्न दोनच: "चहा झाला का?" आणि "मोटर बंद केली का?" याशिवाय कुणीतरी मला काहीतरी विचारावं, एवढीच माझी इच्छा.

पण आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. शिवाय सासरे, म्हणजे नाना, जेवताना चष्मा लावत नाहीत. त्यामुळे माझं काम ठरलं. पोळ्या वाढायच्या आणि कार्डं वाचायची. उत्तरं द्यायला बाकीचे!

*

पहिलं कार्ड नानांचं. मी वाचलं, "तुम्ही शेवटचे कधी रडलात?"

"केळीवर करपा पडला तव्हा."

मग मोठे दीर, योगेशभाऊ. "तुम्हाला कुठे फिरायला जावंसं वाटतं?"

"खालच्या बागेत. उंदरांनी ड्रिपची नळी कुरतडलीय."

तिसरं माझ्या नवऱ्याचं, निखिलचं. "तुमचं पहिलं प्रेम कोण?" माझे कान तापले. उत्तर नानांनीच दिलं, "त्याला काय विचारते! लहानपणापासून ट्रॅक्टर!"

निखिलने मान डोलावली. मी पोळ्या आणायच्या निमित्ताने आत पळाले. पोळ्या माझ्या हातातच होत्या.

*

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली, पानं मांडली, आणि निखिलला सुचलं, "कार्डं काढ ना!"

नाना आणि त्यांचे चुलतभाऊ आबा शेजारी शेजारी बसले होते. बांधावरून दोघांत वर्षानुवर्षं अबोला होता. तो दिवाळीतच कसाबसा मिटला होता. मी आबांचं कार्ड वाचलं, "शेजारी बसलेल्या माणसाची न आवडणारी एक सवय सांगा."

आबांनी घास खाली ठेवला. "दर साली बांध कोरतो."

"आणि हा नांगर वाकडा घालतो!" नाना म्हणाले.

पुढचं भरीत लोकांनी उभ्यानेच संपवलं. परत येताना सासूबाई एवढंच बोलल्या, "सूनबाई, आधी मनात वाचत जाय."

*

मनात वाचायची सवय लागायच्या आत सासरची मंडळी धुळ्याला माझ्या माहेरी आली. पप्पांना जावयाचं आणि कार्डांचं, दोन्हींचं कौतुक. "आपण बठ्ठा खेळूत!" म्हणत त्यांनी झाडून सगळ्यांना खेळायला बसवलं.

माझ्या आईला आलं, "तुम्ही कधी खोटं बोललात?"

आई भोळी. "हिच्या बघण्याच्या दिवशी! हिने केली म्हणून वाढलेली कळण्याची भाकरी शेजारच्या काकूंची होती."

पप्पा एकदम पंखा वाढवायला उठले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. सासूबाई शांतपणे शेवभाजीत भाकरी कुस्करत होत्या.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर हिची खाल्ली ना!"

*

हळदीकुंकवाला फक्त बायका. म्हटलं, इथे तरी निभेल. प्रश्नही साधा निघाला, "नवऱ्याची कोणती गोष्ट आवडते?"

एकीने वाणाची वाटी उलटीसुलटी करून पाहिली. शेवटी गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्या एक वहिनी म्हणाल्या, "बाहेरगावी जातात ती!"

त्यांना न्यायला आलेले त्यांचे मिस्टर दारात उभे होते. गाडीची किल्ली हातात. त्या दिवशी वहिनी चालत घरी गेल्या.

*

यानंतर मी खोकं कपाटात साड्यांखाली दडवलं. परवा निखिलनेच ते शोधून काढलं. "एकच कार्ड," म्हणाला.

पुरुषांची पंगत बसलेली. मी गरम पोळ्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. नानांसाठी मी वाचलं, "घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारा, जो तुम्ही आजवर कधीच विचारला नाही."

निखिल माझ्याकडे बघून हसला. योगेशभाऊंनीही मान वर केली. अखेर माझी पाळी आली होती!

नानांनी बराच वेळ वरणात बोट फिरवलं. मग दाराकडे बघून म्हणाले, "जेवली का?"

"नाही, अजून नाही," मी लगेच म्हणाले.

"तू नाही." नाना जरा ओशाळले. "ती."

मी दारातून बाजूला झाले. ताटात खाली बघण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळे खाली बघत होते. नानांनी आवाज चढवला, "अगं, तू जेवली का?"

आत सासूबाईंनी तव्यावरची पोळी तशीच सोडली. घाईघाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला हळूच विचारलं,

"कोन पाव्हनं आलं वं?"