साडूंचा रुमाल

जगातलं प्रत्येक दुखणं हे कुणीतरी जागा अडवून बसल्यामुळं होतं, असं आमच्या थोरल्या साडूंचं ठाम मत होतं. पोट फुगलं, रस्ता तुंबला, पाऊस आला नाही, सगळ्यावर त्यांचा प्रश्न एकच: "कोण अडवून बसलंय, ते बघा आधी."

चितेगावच्या एका कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी ड्रॉइंग काढायचो, ते कॉम्प्युटर सांभाळायचे. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची लायसन्सं पाच आणि वापरणारे आम्ही बाराजण. पाचजण आत शिरले की सर्व्हर सहाव्याला दारातूनच परत पाठवी. त्यात ती दुष्काळाची वर्षं. शहर भराभर पसरत होतं आणि नव्या कॉलन्यांत नळाच्या आधी टँकर पोचत होता. टँकरच्या रांगेत हंडा ठेवून घरी जाऊन पडणारी आमची मंडळी ऑफिसातही तेच करत. आल्या आल्या सॉफ्टवेअर उघडायचं, लायसन्स धरून ठेवायचं आणि चहाला जायचं. मग साडू कॅन्टीनच्या दारात उभे राहत. "बशीरभाई, तुमचा हंडा रांगेत अन् तुम्ही इथं भजी खाताय व्हय? उचला तो." बशीरभाई शांतपणे म्हणत, "दो मिनट ठैरो साब, अब्बीच आया."

गंमत म्हणजे राखून ठेवण्यात स्वतः साडूंचा हात कुणी धरला नसता. त्यांच्या न्हाणीघरात तोंडाला फडकं बांधलेला एक ड्रम होता, तो पाहुणा आल्याशिवाय उघडत नसे. कन्नडला सासुरवाडीला निघालो की एसटीच्या खिडकीतून आधी त्यांचा रुमाल आत जाई. ती जागा माझी. स्वतः बहुतेक वेळा उभे. "तुमची कंबर धड नाय," एवढंच म्हणत. हे अडवणं नव्हे का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ह्याला राखणं म्हणतेत. लई फरक हाय."

एकदा मोठ्या ऑर्डरची ड्रॉइंगं पाचच्या आत जायची होती. नाही गेली तर काम पुण्याला जाणार आणि आमच्यातले दोघं घरी बसणार, हे साहेबांनी सकाळीच ऐकवलं होतं. दुपारी माझं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं. पुन्हा उघडायला गेलो, तर तेवढ्यात माझं लायसन्स दुसऱ्या कुणी उचललेलं. सगळ्या टेबलांवरून फिरून पाहिलं, तर सॉफ्टवेअर चौघांकडेच उघडं होतं, आणि ते त्याच ऑर्डरवर बसलेले, त्यांना उठवता येईना. पाचवं लायसन्स गेलं कुठं?

साडूंनी सर्व्हर बंद करून चालू केला, वायरी हलवल्या, कॅन्टीन रिकामं केलं, बशीरभाईंना शपथ घ्यायला लावली. मग सर्व्हरपुढं बसून लायसन्सांची यादी वाचू लागले. शेवटी हळूच म्हणाले, "साडू, मीच बसलोय अडवून."

ते पाचवं लायसन्स त्यांनी कधीतरी गुपचूप माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या नावानं राखून ठेवलं होतं. गेल्याच आठवड्यात मला नवा कॉम्प्युटर दिला, त्याला नवं नाव दिलं आणि राखलेलं विसरून गेले. जुना कॉम्प्युटर भंगारात पडला होता आणि सर्व्हर इमानानं त्याची जागा धरून बसला होता. "तुमचं काम नेहमी ऐनवेळी येतंय. म्हणलं, एक असू द्यावं बाजूला," साडू म्हणाले. नाव बदललं, लायसन्स मिळालं, ड्रॉइंगं वेळेत गेली. "हंडा आपकाच निकला ना साब?" बशीरभाई म्हणाले. त्या दिवशीची भजी साडूंकडून झाली.

गेल्या उन्हाळ्यात साडू गेले. परवा कन्नडला निघालो, तेव्हा एसटीत चढल्या चढल्या खिडकीशी बसलो आणि साडू बरोबर असल्यासारखा नकळत शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. गाडी भरत आली. एक म्हातारे गृहस्थ दांडीला धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, कोणी येणार हाय का इथं?"

साडूंची फार आठवण आली. मग रुमाल उचलला आणि म्हणालो, "नाही. बसा."