यंदा कडक भाकरी नाही

भवानी पेठेत आमच्या शेजारी काशम्मा राहतात. वय बहात्तर. पती सिद्रामप्पा यंत्रमागावर होते. ते गेल्यावर काशम्मांनी घरी टॉवेलच्या कडा शिवून मुलाला, बसवराजला, डिप्लोमापर्यंत शिकवले. तो गाव सोडून पुण्यात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला.

त्यांच्या घरची भोगी आमच्यासाठी ठरलेली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता मी, माझी पत्नी वच्छला आणि समोरच्या कमरबी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-गाजर-सोलाण्याची भाजी, लोणी, शेंगाचटणी. बसवराज लहान असताना तव्यावरची पहिली भाकरी त्याची असे. फुगलेला पापुद्रा तो बोटाने फोडायचा आणि वाफ निघाली की हसायचा.

गेली सात वर्षे तो भोगीला आलेला नाही. त्याच्यासाठी काशम्मा आठवडाभर आधी कडक भाकरी करायच्या. पापडासारखी पातळ, चुलीच्या कडेला उभी करून वाळवलेली. ती दोन महिने टिकते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी ती कागद घालून रचत असे आणि वर पत्ता ठळक अक्षरांत लिहीत असे. सात वर्षांत एकही भाकरी वाटेत मोडली नाही, याचा मला अभिमान होता.

यंदा मी डबा घेऊन गेलो, तर त्यांनी तो फळीवर ठेवून दिला.

"यंदा कडक न्हाई करायची, जोतीभाऊ. कडक गेली की माणूस यायचं ऱ्हातंय. मऊ भाकरी कुरिअरनं जात न्हाई. खायची आसंल तर हितं यावं लागतंय की."

फोनवर त्यांनी मुलालाही हेच सांगितले होते. तो "बघतो" म्हणाला. काशम्मांनी तो होकार धरला.

भोगीला चार पाट मांडले होते. पहिली भाकरी बसवराजच्या ताटात पडली. पुण्याहून येणारी सकाळची गाडी येऊन गेल्याचे आम्हाला ठाऊक होते, पण कोणी तसे बोलले नाही आणि कोणी घासही घेतला नाही. एक वाजून गेल्यावर कमरबी म्हणाल्या, "काशम्मा, आज मलाच तुजं पोरगं समज की. भुकेनं जीव चाललाय माजा."

काशम्मा हसल्या. त्यांनी कमरबींना गरम भाकरी वाढली, पण त्या ताटातली नाही.

दीडच्या सुमारास फोन आला. कारखान्यात तपासणी होती, रजा मिळाली नाही, असे काहीतरी बसवराज सांगत होता. फोनचा आवाज मोठा असल्याने शेवटचे आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

"आई, डबा अजून आला नाही गं. पोरं विचारतायत."

 काशम्मा म्हणाल्या, "उद्या लावून देते की."

आमची जेवणे झाल्यावर त्या मुलाच्या पाटावर बसल्या. भाकरीचा पापुद्रा त्यांनी बोटाने फोडला. ती केव्हाच निवली होती. लोण्यासोबत त्यांनी ती संपवली, ताट धुतले आणि परातीत पुन्हा पीठ काढले. मी निघालो होतो. पीठ मळता मळता त्यांनी मान न वळवता विचारले, "जोतीभाऊ, पत्ता त्योच हाय न्हवं?"

तोच आहे, असे मी सांगितले आणि फळीवरचा डबा खाली काढला.