मामीचा बंड्या

मामीचा हात आधी चालायचा आणि जीभ नंतर. आमच्या नात्यात तिच्या हातचं जेवण न जेवलेला एखादा सापडेल, पण तिच्या हातचा मार न खाल्लेला सापडणार नाही. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा खांदा द्यायला जमलेल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिची काही ना काही खूण होती. माझ्या कोपराजवळ लाटण्याची आहे. मी तिच्या सशाला केळ्याची चकती दिली होती, त्याची. त्या खुणेवर माझा फार जीव आहे.

मामा होता तोवर ही बाई कुणाला उलटून बोलल्याचं कुणाला आठवत नाही. मामा गेल्यावर बदलापूरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी उरली. मूलबाळ नव्हतं. एके दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून तिने एक पांढरा ससा आणला आणि त्याला बंड्या म्हणायला लागली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "मावशी, गाजर दो, पाव दो, बिस्कुट दो, सब खाता है." मामीने तेच खायला घातलं. बंड्याचे दात वाढून गालात रुतले, तोंडातून लाळ गळायला लागली. अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंनी दात कापले आणि बजावलं, की सशाला दिवसभर गवत चघळायला लागतं. त्यानेच दात झिजतात आणि पोट चालू राहतं.

मामी तिथून घरी आली नाही. रिक्षा करून थेट कॅम्प दोनला गेली आणि त्या माणसाला भर बाजारात छत्रीने बडवायला लागली. छत्रीच्या काड्या बाहेर आल्या तरी थांबली नाही. "पागल हो गयी क्या, मावशी!" तो पिंजऱ्यांच्या मागून ओरडत होता. "पागल मैं? पाव तू खा! दिनरात खा!" असं म्हणत तिने एक रिकामा पिंजरा उचलून त्याच्यावर फेकला. लोकांनी आवरलं तेव्हा त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं. आम्ही तिला पोलिसांची भीती घातली. ती म्हणाली, "येऊ दे की. त्यांनाही सांगते सशाला काय घालायचं ते."

त्यानंतर चामटोलीहून, तिच्या माहेराहून, वाळक्या गवताची पोती यायला लागली. फ्लॅटला गोठ्याचा वास सुटला. येणाऱ्या प्रत्येकाला ती बसायच्या आधी ऐकवायची, "गवत म्हणजे त्याची भाकरी. कोथिंबीर, मुळ्याचा पाला म्हणजे भाजी. गाजर म्हणजे लग्नातली जिलेबी. कुणी रोज जिलेबी खातं का?" वरच्या मजल्यावरचे काका एकदा हसत म्हणाले, "अहो वहिनी, एका बिस्किटाने काय होतंय?" मामीने त्यांचं बिस्किटासकट बोट धरलं आणि असं मुरगळलं, की काका जिन्यात खाली बसले. काकू भांडायला आल्या, तर त्यांच्या तोंडावर दार आपटलं. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

मामाचं श्राद्ध मीच करतो. पितृपक्षातला तो दिवस. गुरुजी मंत्र सांगत होते आणि आई गाईचं पान घेऊन खाली गेली होती. कॉलनीच्या गेटवर पूर्वी एक गाय हमखास उभी असायची, हल्ली ती कुठे दिसत नाही. आई तशीच परत आली. पान टाकायचं कसं? हाही गवतच खातो, मुकं जनावर आहे, असा विचार करून तिने ते बाल्कनीत बंड्यापुढे ठेवलं. खीर, वडे, पुरी, भात. भावाच्या नावाचं होतं ते. मामीच्या लक्षात आलं तेव्हा बंड्याने निम्मं पान चाटून साफ केलं होतं.

तिने खिरीचं पातेलं लाथेने उडवलं. गुरुजींच्या सोवळ्यावर खीर गेली. मग आईच्या अशी थोबाडीत ठेवून दिली, की कुडी तुटून कानाची पाळी फाटली. "रांडे, मारलंस त्याला!" मी मध्ये पडलो, तर मलाही गुद्दे बसले. ज्या नणंदेला जन्मभर वन्सं म्हटलं, तिला ही शिवी. मला आईचा कान बघून मामीची चीड आली होती, खोटं कशाला सांगू?

दुपारपर्यंत बंड्या पोट आवळून कोपऱ्यात बसला. गवताकडे बघेना, लेंडी पडेना. आम्ही अंबरनाथला धावलो. आई कानाला पदर लावून, कुणी न बोलावता, रिक्षात येऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "लेंडी पडली तर वाचेल." बाहेरच्या बाकावर मामी त्याला मांडीवर घेऊन बसली. तिने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेला हिरवा लगदा सिरिंजने आईनेच भरवला.

उन्हं कलताना मामीच्या पदरात दोनचार लेंड्या पडल्या. तिने त्या तळहातावर घेऊन आईला दाखवल्या आणि ढसाढसा रडायला लागली.

"वन्सं, ह्यांना साखर होती. रोज कुणी ना कुणी पानात गोड वाढायचं. तुम्ही, सासूबाई, शेजारी. सगळे मायेनंच. पाय कापला तरी वाढत होतात. आणि मी दारात उभी राहून बघत होते. नवऱ्याच्या माणसांना बोलायचं कसं, म्हणून."

आईने कानावरचा पदर काढला. रक्त सुकलं होतं.

"मग तेव्हाच का नाही मारलंत, वहिनी?"