जहाजावरच्या माणसांची यादी

साताऱ्यात स्टँडसमोरच्या त्या झेरॉक्सवाल्याने मला महिनाभर पिडलं. महायुद्धात मालवाहू जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीचा इतिहास मी लिहितोय. तिची जुनी कागदपत्रं सांगलीतल्या एका घरातून मागून आणलेली, परत द्यायची घाई. आणि हा गृहस्थ! आधी शर्टाच्या बाहीने काच पुसणार, मग कपाळावरचा चष्मा खाली ओढणार आणि प्रत्येक कागद बोट फिरवत, अक्षरं जुळवत वाचणार. मागे माणसं खोळंबलेली.

"अहो, वाचताय काय? नुसती कॉपी काढा!" मी रोज ओरडायचो.

"आवं, काय हाय ते बघाय नगं व्हय?" तो थंडपणे म्हणायचा.

परवा एका कागदावर त्याचं बोट अडलं. टॉर्पेडो लागून बुडालेल्या जहाजावरच्या माणसांची ती यादी होती.

"कप्तानाचं नाव हाय. त्याच्या मांजराचंबी हाय. आन खाली नुसतं, कोळसा टाकणारे बावीस. ह्येंच्या आयांनी ह्येंचं बारसं केलं न्हवतं व्हय?"

ती यादी मी दहादा वाचली होती. पुस्तकात तशीच उतरवलीही होती.

"काढा हो लवकर," मी आणखीच चिडून म्हणालो.

रात्री प्रस्तावनेतले आभार लिहायला बसलो. कागद देणाऱ्यांचं नाव लिहिलं, टंकलेखिकेचं लिहिलं. पुढे 'साताऱ्याचे झेरॉक्सवाले' असं लिहून झालं आणि पेन तिथंच थांबलं. महिनाभर रोज भांडलो, पण त्याला नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.